डाव्या चाकाची पिन

रेणापूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सोमेशअण्णास,
सुकन्याचा शरणू शरणार्थी.

परवा फोन लावला तर तुम्ही "कोण? कोण?" करत राहिलात आणि शेवटी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. सख्ख्या बहिणीला राँग नंबर! कानाचं यंत्र काय डबीत ठेवायला घेतलंय का? मोबाइलवर लिहून पाठवावं तर बारीक अक्षर दिसत न्हाई म्हणता. म्हणून हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहायले. चंद्रप्पा लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन टाकून देगलूरला परत निघालाय, त्याच्या टेंपोत देते.

अण्णा, तुमच्या दाजींनी गाडी अंगणात घेतलीय आणि पुढचा सगळा भाग सोताच खोलणार म्हणायलेत. स्टिअरिंग वळवलं की डाव्या चाकातून कटकट आवाज येतोय, खड्ड्यात गेली की धाडकन वाजतंय. एक्सल गेला, बॉल जॉइंट गेला, असं काय काय सांगतात. मोबाइलवर एक माणूस हातमोजे घालून दाखवतो, ते बघायचं आणि तसंच करायचं. किराणा दुकान बंद केल्यापासून माणूस नुसता बसून होता, आता सकाळी उठून पाने पुसायलाय. उठला ह्याचा आनंद करावा का गाडीखाली गेला ह्याची धास्ती घ्यावी, मला कळून न्हाई राहिलं.

गॅरेजला द्या म्हटलं तर अव्वा मधी पडतात. आमच्या अव्वांचं वय ब्याऐंशी, पण सासूपण अजून पंचविशीतलं. गेल्या येळवशीला, वेळ अमावस्येच्या पूजेला, शेतात जाताना डावं चाकच निखळून गाडी नाल्यात गेली, अंबिलीचं मडकं समद्यांच्या अंगावर आणि अव्वांचा खुबा मोडला, ते तुम्हाला सांगायला नको. तवापासून त्यांचं एकच, "परक्यानं खोललेल्या गाडीत मी बसणार न्हाई. मल्लेशनं आपल्या हातानं चाक बसवावं, मंग बसीन." ऑटो सांगितली तर म्हणतात, ऑटोत आडवी होऊन मरू का? मोटरसायकलवर खुबा बसू देत न्हाई. आणि येळवशीला शेतात तर जायचंच. "यंदाची शेवटची" म्हणतात. हे दर वर्षी म्हणतात, पण यंदा म्हणताना माझ्याकडं बघत न्हाईत.

आईसाठी म्हणून हे पेटलेत. वेळ अमावस्या तीस डिसेंबरला, सोमवारी हाय.

आता खरं दुखणं सांगते. काल गाडी जॅकवर चढवली आणि खाली आपलं जुनं जातं ठेवलं, दोन्ही तळ्या एकावर एक. म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या दळलंय, गाडीला काय मोडतंय. मी ते बघून "अण्णाला विचारू का" एवढंच म्हटलं, तर पाना आपटून आत गेले. ते चाक बसवणारा उदगीरचा गॅरेजवाला तुम्ही सुचवला होता, हे अजून गेलेलं न्हाई मनातून. वर्ष झालं, तुमचं नाव ह्या घरात निघत न्हाई.

तुम्ही येऊन बघून जाल का?

तुमची,
सुकन्या


देगलूर
२८ नोव्हेंबर

चि. सुकन्या,
अनेक आशीर्वाद.

यंत्र कानात घातलं की टाळूत शिट्टी वाजते, म्हणून ते डबीत. एसटीच्या डेपोत तीस-पस्तीस वर्षं घण ऐकले, आता शिट्टी कोण ऐकतो.

जातं काढ. आधी उठून जातं काढ, मग पुढचं वाच. दगड वजन धरतो, धरतो, आणि एकदम तडकतो. तडकायच्या आधी सांगत नाही. वीटही तशीच. आणि जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणाऱ्याला आम्ही डेपोत काय म्हणायचो ते बाईमाणसाला लिहीत नाही.

आता हे पत्र भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाच. माझं नाव घेऊ नको. चंद्रप्पानं सांगितलं म्हण.

एक्सलचं मोठं नट गाडी चारी चाकांवर जमिनीला असतानाच ढिलं करायचं. उचललेल्या गाडीवर त्या नटाला झटके दिले की गाडी जॅकवरून उतरलीच समज. नंतर मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड लावायचे, चांगले मोठे, न घरंगळणारे. गिअरमध्ये टाकली आहे असं दाजी म्हणतील. पुढचं चाक हवेत म्हटल्यावर गिअर कशाला धरणार? आणि तुमच्या गाडीचा हँडब्रेक मला माहीत आहे, तो नुसता शोभेचा. तुझं अंगण गटाराकडं उतरतं, हे मी विसरलेलो नाही.

उचलली की खाली दोन लोखंडी स्टँड पाहिजेत, पत्र्याखाली नाही, चौकटीच्या जाड भागाखाली. मग गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. हलली तर तुमच्या अंगावर हलण्यापेक्षा तुमच्यासमोर हललेली बरी. आणि काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. आडवं करून गाडीच्या पोटाखाली सारायचं. सगळं फसलं तरी गाडी चाकावर बसते, माणसावर नाही.

शिवदारा बंडीच्या आत घ्यायला सांग, कुठंतरी अडकेल. लिंग गळ्यात असलं म्हणून जॅक घसरायचा थांबत नाही.

मी आलो असतो. पण गुडघा धरलाय.

सोमेश


रेणापूर
६ डिसेंबर

ती. अण्णास शरणू.

मेथी निवडत सगळं वाचून दाखवलं. चंद्रप्पानं सांगितलं असं मी म्हणाले. हे पाने पुसत ऐकत होते, मान वर केली न्हाई. शेवटी म्हणाले, "चंद्रप्पाला सोयाबीनचं पोतं नीट बांधता येत न्हाई आणि एक्सलच्या नटाचं कळायलंय होय?" म्हणजे ओळखलंच. पण दुसऱ्या दिवशी जातं काढलं. मीच लोटत कोपऱ्यात नेलं, कंबर गेली माझी.

दगड आपल्या शेतातून आणले. बांधावरचे पाच चांगले बसके दगड, मोटरसायकलवर बांधून. चार मागच्या चाकांना लावले, एक उरला तो अव्वांच्या खाटेपाशी पडलाय. अव्वा दिवसभर दारात बसून त्या दगडांकडं बघतात. "रानातले हायत," म्हणतात, "वळखीचे हायत." शेत बघून वर्ष झालं, आता दगडाशी बोलायल्यात.

चाकाचं मात्र ऐकत न्हाईत. चाक काढलं की भिंतीला टेकवतात. "गाडीखाली मी झोपू का चाक झोपू?" असं विचारतात. मग मी काय करते, ते चहाला आत आले की गुपचूप चाक गाडीखाली सारते. ते बाहेर काढतात, मी पुन्हा सारते. तीस वर्षांचा संसार असाच झालाय, त्यात हे काय नवीन.

स्टँड म्हणजे नेमकं काय ते इथं कुणाकडं न्हाई. बॉल जॉइंट निघाला, पण हातोड्यानं त्याचं रबर फाडलं. एक्सल बाहेर काढताना गिअरमधलं तेल सगळं अंगणात सांडलं. त्या तेलावर मी राख टाकते, कामाला येणारी रेणुका झाडते, हे परत सांडतात. मी थकून गेले, अण्णा. रात्री ह्यांच्या हाताला रॉकेलचा वास, अव्वांच्या पायाला तेलाचा वास, आणि मी मधी.

शॉकअब्सॉर्बर पण खोलायचा म्हणायलेत. स्प्रिंग काढून बघणार.

गुडघा काय म्हणतोय? गेल्या महिन्यात देगलूरच्या बाजारात तुम्ही सायकल चालवताना चंद्रप्पानं बघितलं म्हणे.

सुकन्या


देगलूर
११ डिसेंबर

सुकन्ये,

स्प्रिंगला हात लावू देऊ नको. शॉकअबच्या डोक्यावर जे मधलं नट असतं ते उघडलं की आत दाबून बसलेली स्प्रिंग सुटते. मी एका माणसाचा जबडा बघितलाय त्यानंतरचा. स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा असल्याशिवाय ते काम नाही. शॉकअब गळत नसेल तर तो आहे तसा ठेवा. त्याच्या नादी लागून येळवस घालवू नका. हे मात्र माझं नाव घेऊन सांग. शिव्या दिल्या तर देऊ दे.

स्टँड मी इथल्या लोहाराकडून करून घेतोय, चार पायांचे, जाड पाइपाचे. चंद्रप्पाच्या टेंपोत टाकतो. ते येईपर्यंत काम बंद. बंद म्हणजे बंद.

सायकलीवर गुडघा वाकतो, बसमध्ये वाकत नाही. शिवाय बोअरची मोटर जळाली आहे.

चाक तू सारतेस हे बरं करतेस.

सोमेश


रेणापूर
२१ डिसेंबर

ती. अण्णास शरणू.

उशीर झाला लिहायला. स्टँड अजून आलेले न्हाईत, चंद्रप्पा म्हणाला टेंपोत जागाच न्हवती, तूर भरली होती. काम सध्या थांबलंय. ह्यांना जरा कसकस हाय, पडून हायत. अव्वा बऱ्या हायत, जेवणावर वासना न्हाई एवढंच.

एक विचारायचं होतं. चाकाची लोखंडी तबकडी एका बाजूनं दबली असली तर ती ठोकून सरळ होते का नवीनच घ्यावी लागते?

बाकी ठीक.

सुकन्या


देगलूर
२२ डिसेंबर

सुकन्या,

चंद्रप्पा दारात हॉर्न वाजवतोय म्हणे, मला काय ऐकू येतंय. उभ्या उभ्या लिहितो.

पडून असलेल्या चाकाची तबकडी आपोआप दबत नाही. गाडी वर बसली तरच दबते. दाजी गाडीखाली होते का? जिवंत आहेत हे तू लिहिलंयस, "कसकस" लिहिलंयस, बाकी काय झालं ते लिही. "बाकी ठीक" असं मला लिहीत जाऊ नको, आपली आजी गेली तेव्हा बाबांनी तारेत हेच लिहिलं होतं.

स्टँड ह्याच टेंपोत मी माझ्या हातानं बांधलेत, तुरीच्या वर.

सोमेश


रेणापूर
२४ डिसेंबर

अण्णा,

तुमच्यापासून काय लपतंय. लिहिते.

बुधवारची गोष्ट. स्टँड येईनात, येळवस जवळ आलेली, ह्यांचा धीर सुटला. जॅक लावला, चाक काढलं, भिंतीला टेकवलं आणि चहा प्यायला आत आले. मी नेहमीसारखं चाक आत सारलं. ते परत गेले आणि घाईत तसेच खाली शिरले, चाक बाहेर काढायचं विसरले म्हणा की शिवानं विसरवलं म्हणा.

मी आत कढी ढवळत होते. दारात अव्वा आणि रेणुका. अव्वांनी काय धरलं होतं मनात, ते मला नंतर कळलं. गाडी अशी उघडी बघून बघून त्यांना वाटलं की यंदा काही शेतात जाणं होत न्हाई. मग पांडव तरी घरी बसवावेत. येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीखाली पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतो, ते ह्या वर्षी अंगणातच. दगड तर रानातलेच, पाच, मोजून. देवानंच धाडलेत असं वाटलं त्यांना. रेणुकाला म्हणाल्या, "ते दगड आन गं, धू, चुना लाव." तिला बिचारीला काय ठाऊक. झाडायला आली होती, तिला वाटलं, गाडीचं काम संपलं. खाटेजवळचा पहिला घेतला, मग चाकामागचे एक एक. अव्वा इकडं कुंचला घेऊन चुना लावायल्या. गाडीखालून ह्यांचे पाय दिसत होते, पण अव्वांना आता तेवढं दिसत न्हाई.

शेवटचा दगड काढला आणि गाडी गटाराकडं सरकली. थोडीच, वीतभर. जॅक आडवा झाला. तो आवाज मी अजून ऐकते अण्णा, भांडं पडलं तरी ऐकते.

गाडी चाकावर बसली. रेणुका किंचाळली, मी धावत आले, आणि दोघींनी मिळून ह्यांना पाय धरून ओढलं. कपाळ खरचटलं, खांदा निळा झाला, बाकी देवाची दया. बाहेर येऊन अंगणात उताणे पडून राहिले. छातीत आणि गाडीच्या पत्र्यात मोजून चार बोटं जागा राहिली होती. मी तिथंच तेलात बसून रडले, मोठ्यानं रडले, शेजारचे गोळा झाले तरी रडले.

अव्वांच्या हातात कुंचला तसाच. पाच दगड पांढरे करून ओळीनं ठेवलेले. कुणी त्यांना काही बोललं न्हाई, पण कळलं त्यांना. दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं न्हाई. "माज्या पोराला मी पांडवाच्या पाई मारत हुते," एवढंच म्हणत राहिल्या.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "चाक आत कुणी सारलं?"

मी म्हटलं, "अण्णानं."

हे भिंतीकडं तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यामागची तुमची पत्रं सोताच काढली आणि चष्मा लावून वाचत बसले.

स्टँड पोचले. तुम्ही या न अण्णा. गुडघा घेऊन या, मोटर जळू दे.

सुकन्या


देगलूर
२६ डिसेंबर

सुकन्ये,

पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. चार बोटं.

रेणुकाला रागावू नको. अव्वांना तर मुळीच नको. दगड रानातले म्हटल्यावर ती बाई दुसरं काय करणार होती. चूक तिची नाही, रेणुकाची नाही, दाजींचीही अर्धीच. म्हातारी माणसं घरी असताना जे काम चाललंय ते त्यांना सांगावं, एवढं मी लिहायला हवं होतं. नट-बोल्ट सगळे लिहिले, आणि दारात बसलेलं माणूस राहिलं.

गुडघा बरा आहे, मोटरही जळालेली नाही. तू ओळखलंच असणार. मी येत नाही कारण त्या दारात दाजींनी मला "या" म्हटलं नाही तर मी कुठं बघू? गेल्या वर्षी दवाखान्यात मी अव्वांच्या पायथ्याशी तासभर उभा होतो. दाजी माझ्या अंगावरून पाणी आणायला गेले आणि परत आले, एकदाही बघितलं नाही. उदगीरच्या माणसानं चाकाच्या मोठ्या नटाला, ते सुटू नये म्हणून लागते ती पिन लावली नव्हती. एवढीशी तार. आणि तो माणूस चांगला आहे असं मी सांगितलं होतं. मला आता ह्या वयात परत तसं उभं राहायचा धीर नाही. थकलोय गं.

स्टँड नीट बसलेत का, हलवून बघितले का, एवढं कळव.

सोमेश


रेणापूर
२८ डिसेंबर २०२४

सोमेशअण्णा यांस,
मल्लेशचा शरणू शरणार्थी.

सुकन्याची पत्रं तुम्हाला जातात, तुमची मी वाचली. कालचंही वाचलं. तिला राग आला, म्हणाली माझं पत्र तुम्ही का फोडलं. मी म्हटलं, घरात सगळ्यांत जास्त माझंच नाव त्यात असतंय.

स्टँड बसवले. हलवून बघितले, मी आणि सुकन्यानं मिळून. गाडी भिंतीसारखी उभी. चाक पोटाखाली होतं, ते मी सोता सारलं. काम काढायच्या आधी अव्वाला खुर्चीवर बसवून सांगितलं, कुठला दगड कशाला हाय. दगड म्हणजे आता लाकडाचे ओंडके. पांडवांना परत चाकाखाली घालू देत न्हाई ती. चुना लागला, नाव लागलं, आता ते देव, म्हणते. सोमवारी ते पाची गाडीतनं शेतात जाणार हायत, कोपीखाली त्यांच्या जागेवर.

बॉल जॉइंट नवा बसला. एक्सल नवा. स्प्रिंगला हात लावला न्हाई. काल गाडी जमिनीवर उतरवली आणि मोठं नट आवळलं, सगळा जीव लावून आवळलं. हळूच अंगणातल्या अंगणात फिरवली, कटकट बंद हाय.

पिन लावायला घेतली तर अव्वानं हात पुढं केला. घेतली माझ्याकडून आणि पदराला गाठ मारून ठेवली. म्हणाली, "तुजं काम तू केलं. पण तुला वाचवलं त्यानं. त्याच्या हातानं पिन लागू दे, मंग मी बसते." मी म्हटलं, अव्वा, आधी म्हणत होतीस परक्याचा हात नको. तर म्हणाली, "सोमेश परका कदी झाला? तू केलास."

ती म्हणते ते खरं हाय. पिन विसरला उदगीरचा माणूस. राग धरायला तो सापडला न्हाई, तुम्ही सापडलात. दवाखान्यात तुम्ही उभे होतात ते मी बघितलं होतं. न बघितल्यासारखं करायला फार जोर लागतो अण्णा. वर्षभर लावला. आता गाडीखाली झोपून चार बोटांवरून वर बघितल्यावर तो जोर ऱ्हायला न्हाई.

चंद्रप्पाचा टेंपो उद्या सकाळी देगलूरहून रिकामा निघतो. पुढं बसा, मागं बसू नका, गार वारं हाय. मुक्कामाचं धरून या, सोमवारी भज्जी-अंबील खाऊनच जायचं. सुकन्यानं भज्जीसाठी भाज्या निवडायला घेतल्यात आणि निवडता निवडता उगीच डोळे पुसायलीय.

फाट्यावर मी उभा असेन. तुम्हाला घ्यायला गाडी आणली असती, पण पिनेशिवाय गाडी दाराबाहेर काढता येत न्हाई. मोटरसायकल घेऊन येतो.

या.

मल्लेश